दुभाष्याचा कागद आणि मुत्सद्द्याचे पुस्तक

राजकारणात मुरलेल्या माणसाने पुस्तक लिहिले की आपल्याकडे त्याचे कौतुक जरा जास्तच होते. सत्तेच्या धबडग्यात राहूनही हा माणूस वाचतो, लिहितो, इतिहासात रमतो याचा आनंद वाटतो आणि तो आनंद खोटा नसतो. पण त्या कौतुकात एक फरक नजरेआड होतो. कारभारातून मोकळे झाल्यावर निवांत बसून लिहिलेले पुस्तक वेगळे आणि कामावर असताना, चार दिवसांत धन्याच्या हाती पडलेच पाहिजे म्हणून लिहिलेला कागद वेगळा. पुस्तकावर लेखकाचे नाव ठळक असते. कागदावर पुष्कळदा नाव नसतेच. असले तर ते परक्या कारकुनाने ओळखू येऊ नये इतके मोडलेले असते. इतिहासाच्या दृष्टीने हा दुसरा कागद पहिल्या पुस्तकापेक्षा मोलाचा आहे, असे माझे म्हणणे आहे. ते तपासून पाहायला डिचोली तालुक्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. कारापूर, साखळी, मये, नार्वे, डिचोली या टापूत सतराव्या आणि अठराव्या शतकांत मराठे, पोर्तुगीज, मोगल, सावंतवाडीकर भोसले आणि साखळीचे राणे एकमेकांशी लढले. पण लढण्यापेक्षा बोलण्यातच त्यांचे जास्त दिवस गेले. हे बोलणे ज्यांनी घडवून आणले, लिहून घेतले आणि एका भाषेतून दुसरीत नेले, त्यांना आपण इतिहासकार तर सोडाच, इतिहासातली माणसेसुद्धा मानत नाही.

१६६७ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या फौजेने बारदेशावर स्वारी केली आणि डिसेंबरात तह झाला. त्या तहासाठी पोर्तुगीजांच्या बाजूने जे महाराजांकडे गेले त्यांत रामाजी शेणवी कोठारी होते. पुढे महाराजांच्या वतीने पोर्तुगीजांशी बोलणाऱ्यांत पितांबर शेणवी दिसतात. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन इंग्रजांचा वकील म्हणून रायगडावर गेला, तेव्हा त्याचा दुभाषी होता नारायण शेणवी. तीन सत्ता, तिघांचे हितसंबंध परस्परविरोधी, आणि तिघांच्याही तोंडी शब्द घालणारी माणसे एकाच समाजातली, बहुधा घरी एकच बोली बोलणारी. हा योगायोग नव्हे. या शेणवी सारस्वतांनी व्यापारासाठी किनाऱ्यावर फिरता फिरता कोकणी, मराठी, पोर्तुगीज आणि लागेल तेवढी फारसी कमावली होती. त्यांच्या या कमाईवर तीन दरबारांचे परराष्ट्र धोरण चालत होते. महाराजांनी १६६८ साली नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले, ही गोष्ट डिचोलीतल्या पोराटोरांना माहीत असते आणि ती असायलाच हवी. पण आदल्याच वर्षी झालेल्या तहामागे कोण माणसे ये-जा करत होती, हा त्याच इतिहासाचा दुसरा अर्धा भाग आहे. तो आपण शिकवत नाही.

ही माणसे ज्या कागदांत राहिली आहेत ते कागद सोपे नाहीत. मोडीचा लेखक आधी ओळीची रेघ ओढून घेतो आणि मग बोरू शक्यतो न उचलता लिहीत जातो. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. सालही आपल्या ओळखीचे नसते. १७७९-८० हे वर्ष मराठी दफ्तरात ‘समानीन मया व अलफ’ असे अरबी संख्यावाचक शब्दांत येते. तेच वर्ष पोर्तुगीज कागदात ख्रिस्ती तारखेने. दोन्ही कागद एकाच घटनेचे आहेत हे कळायलाच आधी गणित करावे लागते. त्यात पोर्तुगीज लेखनिकाने शेणवीचे ‘सिनाय’ केलेले, धुमे आडनावाचे ‘दुमो’ आणि कोठारीचे ‘कोतारी’. मोडी येत नसलेल्याला हा माणूस दोन्ही बाजूंना आहे हे कळत नाही. पोर्तुगीज येत नसलेल्याला तो आहे हेच कळत नाही. पोर्तुगीज सरकारने भाषा जाणणाऱ्या या माणसांचे उपकार कसे फेडले हेही पाहण्यासारखे आहे. २७ जून १६८४ रोजी विजरई कोंदे दि आल्व्होर याने हुकूम काढला, की रयतेने आपली बोली टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे. त्याच विजरईला आदल्या हिवाळ्यात संभाजीराजांशी बोलायला दुभाष्यांवाचून दुसरा मार्ग उरला नव्हता.

तो हिवाळा जरा जवळून पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा तिथे आहे. १६८३ च्या नोव्हेंबरात विजरईने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संभाजीराजे धावून आले, वेढा उठला आणि महिनाअखेर मराठ्यांनी जुवे बेट घेतले. गोव्याची राजधानी आता हाताच्या अंतरावर होती. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर त्या काळात डिचोलीत मुक्कामाला होता; त्याला गोव्यातून जहाज मिळवून इराणला जायचे होते. पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात तहाची बोलणी सुरू झाली ती या अकबराच्या आणि कवी कलशाच्या मध्यस्थीने. जानेवारी १६८४ मध्ये शहाजादा शाह आलमची मोगल फौज घाट उतरून डिचोलीत घुसली आणि सगळा डाव पालटला. या एवढ्या तीन महिन्यांत डिचोलीच्या आसपास जमलेली माणसे पाहा. स्वतः संभाजीराजे, ज्यांच्या नावावर ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ आहे. त्यांचा मंत्री कलश, जो व्रज भाषेतला कवी होता. आणि निकोलाव मनुची, व्हेनिसहून कोवळ्या वयात हिंदुस्थानात आलेला, फारसी जाणणारा वैद्य. विजरईने त्याला आधी मराठ्यांकडे आणि मग शाह आलमकडे वकील म्हणून पाठवले, सांतियागो पंथाची सरदारकीही दिली. पुढे त्याने मोगलांच्या इतिहासाचा ‘स्तोरिया दो मोगोर’ हा प्रचंड ग्रंथ लिहिला. राजकारण, मुत्सद्देगिरी, दुभाषीपण आणि लेखन ही चारही कामे एका तालुक्यात, एका मोसमात एकत्र आली होती.

आता या मोसमाची हकीकत आपल्याला कुठून कळली ते पाहू. मनुचीचे पुस्तक वाचायला अतिशय रंजक आहे. पण ते त्याने पुष्कळ वर्षांनी, मद्रासकडे स्थिरावल्यावर, आठवणींवरून सिद्ध केले. त्यात जवळजवळ प्रत्येक पेचप्रसंगाच्या मध्यभागी मनुची स्वतः उभा असतो, आणि कालक्रम सैल आहे. मराठी बाजूला मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेली. हे चिटणीस साताऱ्याच्या दरबारातले, म्हणजे तेही राजकारणात बसून इतिहास लिहिणारे. आणि त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीराजांनी १६८१ साली देहान्ताची शिक्षा दिली होती. संभाजी व्यसनी आणि कलश त्याला बिघडवणारा कपटी मांत्रिक, ही प्रतिमा महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या मनात पिढ्यान् पिढ्या राहिली, तिला मोठे बळ या बखरीने दिले. पोर्तुगीज मंत्रिमंडळाच्या बैठकांचे इतिवृत्त आणि विजरईचा पत्रव्यवहार यांना मात्र कलशाची बदनामी करण्यात किंवा त्याचे गुण गाण्यात रस नव्हता. त्यांना उद्या काय होणार एवढेच हवे होते. त्या कागदांत कलश दिसतो तो अटी घालणारा, वेळ काढणारा, आपल्या राजाच्या वतीने बोलणारा मंत्री. संभाजीराजे दिसतात ते एका बाजूला मोगल आणि दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज यांना तोलून धरणारे. वा. सी. बेंद्रे यांचे संभाजीचरित्र १९६० साली आले, कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ मध्ये. दोघांनीही बखरींच्या पलीकडे जाऊन परकीयांच्या समकालीन कागदांचा आधार घेतला आणि एका छत्रपतीवरचा डाग पुसला. दरबारी इतिहासकाराने सन्मानाने लिहिलेल्या ग्रंथाने जो अन्याय केला, तो शत्रूच्या कचेरीतल्या रोजच्या टिपणांनी दूर केला. यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

दुसरा पुरावा शंभर वर्षांनंतरचा आहे आणि तो थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोचतो. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या दिवसांत पुणे दरबाराला पोर्तुगीजांना इंग्रजांपासून दूर ठेवायचे होते. पोर्तुगीजांचा पुण्यातला वकील होता नारायण विठ्ठल शेणवी धुमे. त्याने नाना फडणिसांच्या कारभाराशी बोलणी करून १७७९ चा मैत्रीचा तह घडवून आणला. त्या तहाच्या सतराव्या कलमानुसार दमणजवळच्या गावांचा वर्षाला बारा हजार रुपयांचा महसूल पोर्तुगीजांना मिळायचा होता. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी नगर हवेलीची गावे नेमून दिली गेली. पुढे पोर्तुगीजांनी तिथे राज्यच थाटले. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्त केल्यावर, आपल्या मुलखात जायची वाट भारताने अडवली अशी फिर्याद घेऊन पोर्तुगाल १९५५ च्या डिसेंबरात हेगला गेले. पावणेदोनशे वर्षे बासनात पडलेला एका गोवेकर वकिलाचा तह जगातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या मेजावर आला.

१२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने जे म्हटले ते गोव्यातल्या प्रत्येक इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. तहाचे वेगवेगळे पाठ पुढे आले होते आणि दोन्ही पक्षांना मान्य असा एकही नव्हता, म्हणून हा तह वैधपणे झालाच नाही असे भारताचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. मराठ्यांनी स्वतः तह पाळला होता आणि अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानातल्या व्यवहाराला आजची कसोटी लावता येत नाही, असे ते म्हणाले. पण पोर्तुगालचा मूळ दावाही त्याने फेटाळला. सतरावे कलम आणि दोन्ही सनदा तपासून न्यायालय या निष्कर्षाला आले, की मराठ्यांनी दिली ती जहागीर किंवा सरंजाम, म्हणजे महसुलाची नेमणूक. सार्वभौमत्व दिलेच नव्हते. अशा सरंजामाने मुलूख तोडून दिला गेल्याचे एकही उदाहरण पुढे आले नाही, याचीही नोंद निकालात आहे. पुढे इंग्रजांच्या अमदानीत पोर्तुगीजांची तिथली सत्ता गृहीत धरली गेली, म्हणून खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती असे ठरले. फौज, सशस्त्र पोलीस आणि हत्यारे यांना नव्हती. आणि भारताने काही चुकीचे केले नाही. पोर्तुगीज इतिहासलेखनाने दीडशे वर्षे जो मुलूख ‘मिळवलेला’ म्हणून मिरवला, तो मुळात पेशव्यांच्या दफ्तरातल्या नेहमीच्या भाषेत दिलेला महसूल होता. हे सिद्ध झाले कारण कागद टिकला होता आणि तो नेमका लिहिलेला होता. भारताच्या वतीने तात्पुरते न्यायाधीश म्हणून त्या पीठावर बसलेले एम. सी. छागला हे तेव्हा अमेरिकेतले आपले राजदूत होते आणि पुढे त्यांनी आत्मचरित्रही लिहिले. पण त्या खटल्यात वजन पडले ते नाना फडणिसांच्या कारकुनांच्या आणि धुम्यांच्या कागदांचे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो भावनेतून येतो, म्हणून त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. ज्यांनी देवळे पाडली, धर्मसभेचा जाच केला, त्या सत्तेची चाकरी करणाऱ्या हिंदू वकिलांचे गुणगान आपण का करावे? मी गुणगान करत नाही. धुमे, कोठारी, सखाराम नारायण वाघ यांनी पोर्तुगीजांचे मीठ खाल्ले आणि त्यांचे काम केले, हे स्वच्छ लिहिले पाहिजे. पण त्यांना देशद्रोही ठरवण्यापूर्वी हेही पाहावे, की एकाच घराण्यातला एक भाऊ पणजीला आणि दुसरा मराठ्यांच्या पदरी असे चित्र त्या काळात अपूर्व नव्हते. पेडण्यातल्या केरीचे जिवबादादा बक्षी महादजी शिंद्यांचे सेनापती झाले, त्यांच्याच समाजातले लोक त्याच वेळी पोर्तुगीजांचे वकील होते. राष्ट्र ही कल्पना ज्या काळात आजच्या अर्थाने नव्हती त्या काळातल्या माणसाला आजच्या आरोपपत्राने मोजता येत नाही. हेगच्या न्यायालयाने तहाला जो न्याय लावला तोच माणसालाही लावावा. शिवाय कागद कुणी लिहिला यावरून तो जाळायचा की वाचायचा हे ठरत नसते. संभाजीराजांची बाजू ज्या कागदांनी उचलून धरली ते शत्रूचेच होते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. वकील आपल्या धन्याला खूश करण्यासाठी लिहितो, आपले महत्त्व वाढवतो, अपयश झाकतो. मग त्याच्या कागदावर विश्वास का ठेवावा? ठेवू नयेच, एकट्यावर तर नाहीच. पण पुस्तकाचा लेखक आणि कामावरचा वकील यांच्यात एक मोठा फरक आहे. वकिलाची चूक लगेच उघडी पडते. त्याने लिहिले की मराठ्यांची फौज अमुक घाटाने येणार नाही आणि ती आली, तर त्याची नोकरी गेली, कधी मानही गेली. चुकीची किंमत देणारा माणूस जपून लिहितो. आणि प्रत्येक वकिलासमोर दुसरा वकील असतो, त्याचाही कागद असतो. दोन्ही समोरासमोर ठेवले की खोटेपणाला जागा उरत नाही, निदान फार कमी उरते. इतिहासकार आणि राजदूत अशा दोन्ही नात्यांनी गाजलेले सरदार के. एम. पणिक्कर हे पुस्तक आणि कागद यांतल्या या फरकाचे ठळक उदाहरण. १९५० च्या ऑक्टोबरात, दोन आणि तीन तारखेच्या मधल्या रात्री चौ एन-लाय यांनी त्यांना बोलावून सांगितले की अमेरिकी फौजा अडतिसाव्या अक्षांशाच्या पलीकडे गेल्या तर चीन कोरियाच्या युद्धात उतरेल. पणिक्करांनी ते दिल्लीला कळवले, दिल्लीने पुढे सांगितले. वॉशिंग्टनला पणिक्कर चीनच्या बाजूला झुकलेले वाटत होते म्हणून अमेरिकेने ते मनावर घेतले नाही. चीन उतरला. पणिक्करांनी पुढे चीनमधल्या दिवसांवर पुस्तक लिहिले. त्यातल्या मतांवर हवा तेवढा वाद घालता येतो आणि लोकांनी तो घातला. त्या रात्रीच्या तारेवर वाद घालायला जागा नाही. माणूस पक्षपाती असू शकतो आणि त्याचा कागद तरीही खरा असू शकतो.

कुणी म्हणेल की राजकारण्यांची सगळीच पुस्तके मी मोडीत काढतो आहे. तसे नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ हे राज्यकर्त्याने लिहिलेले पुस्तक आहे आणि टोपीकरांबद्दलचा त्यातला भाग आजही थक्क करतो. पण ते राजाला कारभार शिकवण्यासाठी लिहिले गेले, म्हणजे तोही कामाचाच कागद. सभासदाने आपली बखर जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली; त्याने पुष्कळ पाहिले होते आणि त्याचे मोल आहे, तरी तारखांसाठी त्याच्यावर कुणी विसंबत नाही. ग्रँट डफ साताऱ्याला इंग्रजांचा अधिकारी होता म्हणून मराठ्यांची दफ्तरे त्याच्या हाती आली आणि १८२६ साली त्याचा इतिहास निघाला. चाळीस वर्षांनी नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने त्याची चिकित्सा केली आणि १८९८ मध्ये राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तेव्हा कुठे त्या ग्रंथाला मराठी उत्तर मिळू लागले. ते उत्तर दुसऱ्या ग्रंथाने दिले नाही. पत्रांच्या रुमालांनी दिले.

गोव्यात हे काम मुख्यतः एका माणसाने केले. पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर १८९४ साली जन्मले. त्यांचे गाव पिसुर्ले सत्तरीत, कारापूरहून फार लांब नाही. १९३१ पासून पोर्तुगीज सरकारच्या ऐतिहासिक दफ्तरखान्याचा कारभार त्यांच्याकडे आला. हा दफ्तरखाना १५९५ सालचा, त्याचा पहिला राखणदार दियोगु दु कौतु हाच मुळात बखरकार. पिसुर्लेकरांनी १९५२ साली पोर्तुगीज मुत्सद्देगिरीच्या हिंदी हस्तकांवर ‘आजेंतिश द दिप्लोमासिया पोर्तुगेझा न इंदिया’ हा ग्रंथ काढला. धुमे, कोठारी, वाघ यांच्यासारखी नावे जुन्या पोर्तुगीज लेखनातून सोडवून त्यांना त्यांची घराणी आणि गावे परत दिली ती या ग्रंथाने. १९५३ ते १९५७ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाच्या इतिवृत्तांचे पाच खंड छापले. १६८३ च्या त्या मोसमाचे इतिवृत्तही आज आपल्याला वाचता येते ते त्यामुळे. पुणे विद्यापीठाने १९६७ साली त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ मराठीत आणला. ते पोर्तुगालचे पगारी नोकर होते, मग त्यांचे काम स्वच्छ कसे, असे विचारणारे आजही भेटतात. उत्तर त्यांच्या पद्धतीत आहे. त्यांनी मते कमी मांडली आणि कागद जसाच्या तसा छापला, त्यामुळे त्यांच्या धन्याविरुद्धचा पुरावाही त्यात तसाच आला. त्यांच्या आधी कुन्य रिव्हारा हा तर गोवा सरकारचा मुख्य सचिव होता. कोकणी दडपण्याच्या हुकमांची हकीकत दस्तऐवजांसह १८५८ मध्ये त्यानेच मांडली. कचेरीत बसलेला माणूस प्रामाणिक असेल तर त्याच्या हाती जे लागते ते बाहेरच्याला मिळत नाही.

गोव्यात भाषेचा विषय निघाला की दोन तट पडतात. या कागदांपुढे दोन्ही तटांनी थोडे नमते घ्यावे असे मला मनापासून वाटते. हे दुभाषी घरी कोकणी बोलत, हिशेब आणि पत्रे मोडी मराठीत लिहीत, कचेरीत पोर्तुगीज वापरत. यांतली एक भाषा काढली तर त्यांचा कागद वाचताच येत नाही. नव्या काबिजादीत तर हे आणखी खरे. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ मध्ये, पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले, ते आधीच्या रीतिरिवाजांना हात न लावण्याच्या बोलीवर. म्हणून गावकऱ्यांचे आणि देवस्थानांचे दप्तर पुढेही मोडीत चालले. इथल्या हिंदूंच्या रूढींची संहिता एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज आणि मराठी अशी दोन्ही भाषांत छापावी लागली. सूर्याजी आनंदराव यांना पोर्तुगीज वाचकांसाठी मराठीचे व्याकरण आणि पोर्तुगीज-मराठी कोश करावा लागला. कारापूरच्या वा मयेच्या माणसाला आपल्या जमिनीचा, मानपानाचा, देवळाच्या हक्काचा मागोवा घ्यायचा तर त्याची वाट या दोन भाषांच्या मधूनच जाते.

कागद स्कॅन करून संगणकावर ठेवले की काम झाले, असा एक समज हल्ली पक्का होत चालला आहे. स्कॅन केल्याने कागद वाळवीपासून वाचतो. वाचला जात नाही. मोडी वाचणारे महाराष्ट्रात अजून तयार होतात, जुनी पोर्तुगीज हस्ताक्षरे वाचणारे लिस्बनला आहेत. दोन्ही एकाच डोक्यात असलेली माणसे दुर्मीळ आहेत, आणि धुम्याचा तह समजायला नेमकी तशीच माणसे लागतात. गोवा विद्यापीठ आणि पुराभिलेख खाते यांनी मिळून दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम काढावा, ज्यात मोडी आणि सतराव्या-अठराव्या शतकांतली पोर्तुगीज लिपी एकत्र शिकवली जाईल आणि उत्तीर्ण होणाऱ्याला दफ्तरखान्यात पगारी काम असेल. प्रवेशाला डिचोली, सत्तरी आणि पेडण्यातल्या मुलांना प्राधान्य द्यावे, कारण नावे, गावे, घाट, वाडे त्यांच्या कानावरचे असतात आणि ‘सिनाय’ म्हणजे कोण हे त्यांना कोशात शोधावे लागत नाही. आणि पहिले काम म्हणून शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या, पोर्तुगीज ज्यांना ‘रैश व्हिझिन्योश’ म्हणत त्या ग्रंथांतले १६८३-८४ चे आणि १७७९-८५ चे कागद हाती घ्यावेत. डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर मराठी, खाली दुसऱ्या दरबारातला जोडीचा कागद सापडला असेल तर तो, आणि माथ्यावर, माहीत असेल तिथे, तो लिहिणाऱ्या दुभाष्याचे पूर्ण नाव आणि गाव.